लिफ्टवाल्याचा जिना

तर सांगत काय होतो, जिन्यावर पाण्याचा थेंब नव्हता. बादली होती, बादलीत उभा केलेला पोछा होता, आणि "जिना ओला आहे हो, पाय घसरेल, लिफ्टनं चला" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला अजिजीनं सांगणारा आमचा लिफ्टवाला मजले होता. जिना मात्र उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा कोरडा ठणठणीत. दवाखान्यातली सिस्टर चार मजले उतरून खाली आली, वाकून पायरीवर तळहात टेकवला, मग पोछा उचलून बघितला. त्याच्या दोऱ्यांत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"मजलेकाका," ती म्हणाली, "हा कोळी पोहायला शिकलेला दिसतोय."

मजलेनं नुसती मान खाली घातली. एरवी त्याला बोलायला कारण लागत नसे, त्या दिवशी मात्र तो बादलीची कडी सरळ करत राहिला.

काल इथवर आलो तेव्हा तुम्ही हसलात आणि विचारलंत, की साठी उलटलेल्या माणसाला असलं पोरकट खोटं बोलून मिळत काय होतं? ते कळायचं तर आधी ती इमारत डोळ्यांसमोर आणा. चार मजल्यांची, जुनी, जाड भिंतींची. तळाला चष्म्याचं दुकान, पहिल्यावर विम्याची कचेरी, दुसऱ्यावर एक वकील, तिसऱ्यावर शर्ट शिवायचा कारखाना आणि चौथ्यावर दवाखाना. जिना चौकोनी वळणं घेत वर जातो आणि त्या वळणांच्या मधल्या पोकळीत उभा जाळीचा पिंजरा. त्या पिंजऱ्यातून लिफ्ट ये-जा करते. म्हणजे लिफ्टमध्ये बसलेल्याला चारी बाजूंनी जिना दिसतो आणि जिन्यावरच्याला लिफ्ट दिसते. लिफ्टला सरकवायची दोन जाळीची दारं. दोन्ही नीट बसली नाहीत तर ती आडमुठ्या म्हशीसारखी जागची हलत नसे. नवख्या माणसाला ते जमायचं नाही, म्हणून मजले. आत कोपऱ्यात त्याचं स्टूल, डोक्यावर भिरभिरणारा छोटा पंखा, आणि खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.

त्याचं खरं नाव मला अजूनही माहीत नाही. "मजला कोणता? मजला बोला" असं दिवसभर म्हणायचा, म्हणून तो मजले. लहानांचा मजलेकाका. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला आबा म्हणायचा.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशी. ती रविवारी फोन करायची, पण तिकडे तिची घाईची वेळ. "जेवलात ना बाबा? झोप लागते ना? बरं, ठेवते हं." हा इकडे काहीतरी सांगायला तोंड उघडायचा तोवर फोन बंद. राहायला एक खोली. मला एकदा म्हणाला, "आबा, घरी गेल्यावर दिवा लावतो ना, तो लागला की मी त्याला 'आलास?' म्हणतो. नाहीतर सकाळपर्यंत घशाला गंज चढतो."

म्हणजे लिफ्टमधली माणसं तेवढी त्याची माणसं. आणि ती किती वेळाची? तळापासून चौथ्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्याची. पण या माणसानं त्यातच सगळा संसार बसवला होता. पहिल्या मजल्याच्या माणसाला नुसतं "काय, बरं आहे ना?" दुसऱ्याच्या माणसाला हवापाणी आणि वकिलाचा स्वभाव. तिसऱ्याच्या पोरींना एखादा विनोद. आणि चौथ्याचा माणूस आला की मजले खुलायचा, कारण चौथ्यापर्यंत अख्खी गोष्ट मावते. हसू येण्याची जागा बरोबर दार उघडण्याच्या क्षणाला यायची. माणूस हसत हसत दवाखान्यात शिरायचा. एक निवृत्त मास्तरीण बाई होत्या, त्यांच्या भाच्याचं लग्न जमता जमत नव्हतं, ती सगळी कहाणी त्यानं जाता-येता तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. जमलं तेव्हा बाईंच्या आधी त्यानंच ती बातमी चारही मजल्यांवर पोचवली.

मी मात्र त्याच्या लिफ्टमध्ये एकही गोष्ट पुरी करू शकलो नाही. मला सुरुवात करायलाच दोन मजले लागतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं आणि चौथ्यावर नवी डॉक्टरीणबाई आली. बरोबर ही सिस्टर. बाई वयानं लहान, पण पद्धत वेगळी. आधीचे डॉक्टर खोकला दाखवला की खोकल्याचं औषध द्यायचे. इथं तुम्ही कशालाही या, खोकल्याला या, पायात काटा मोडला म्हणून या, सिस्टर आधी दंडाला पट्टा बांधणार, दाब बघणार आणि मग समोर खुर्ची ओढून गप्पा मारल्यासारखं विचारणार.

मी खोकला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, जेवताना वरून मीठ घेता?"

"मला खोकला झालाय, बाई."

"खोकल्याचं बघतेच. मीठ घेता का?"

"घेतो थोडं."

"थोडं म्हणजे आजींच्या डोळ्यांदेखत घेता ते, की त्या आत गेल्यावर घेता ते?"

आता हिला कोणी सांगितलं? ती हसली. म्हणाली, "सगळं सोडा म्हणत नाही. एका वेळी एकच गोष्ट. या खेपेला वरचं मीठ बंद. पुढच्या खेपेला त्याचं कसं झालं ते सांगायचं, मग दुसरी गोष्ट. हृदयाचं दुखणं दार वाजवून येत नाही, आजोबा. म्हणून आपणच वेळोवेळी जाऊन त्याची चौकशी करायची. आणि हो, बाईंनी तुम्हाला तपासलंय, तुम्हाला जिना चढायला हरकत नाही. पुढच्या वेळी जिन्यानं या. प्रत्येक वळणावर थांबलात तरी चालेल."

ज्याच्या छातीत दुखतं, ज्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे किंवा ज्याचे गुडघे गेलेत, त्यानं लिफ्ट. बाकीच्यांनी जिना. असं ती प्रत्येकाला सांगायची, रागावून नाही, लाडीगोडीनं. आणि गंमत म्हणजे लोक ऐकायला लागले. वरच्या वळणावर कोणी बसकण मारली तर खालचा विचारायचा, "काय, इथंच मुक्काम?" जिन्यावर एक नवं गावच वसलं म्हणा ना.

आणि मधल्या पिंजऱ्यातून मजले रिकामी लिफ्ट घेऊन वर जायचा, रिकामी खाली आणायचा. त्याला जाळीतून दिसायचे लोकांचे पाय आणि ऐकू यायचे बोलण्याचे अर्धे तुकडे. कोणी त्याला हात करायचं, तोही करायचा, तोवर लिफ्ट पुढे गेलेली. मास्तरीण बाई पूर्वी म्हणायच्या, "मजले, पुढचं उद्या सांगते." आता त्या जिन्यावरून दुसऱ्याच कोणाला तरी सांगत जायच्या, आणि गोष्टीतला मजलेच्या वाट्याला यायचा तो तुकडा असा: "...आणि मग ती सून म्हणते कशी..." पुढे काय म्हणाली ते वरच्या वळणाला. त्या सुनेनं काय म्हटलं असेल याचा विचार करत त्यानं दोन दिवस काढले.

तेव्हा ती बादली आली.

त्यानं कोपऱ्यातली बादली जिन्याच्या पहिल्या पायरीशी आणून ठेवली आणि झालं, गर्दी परत लिफ्टमध्ये. मजलेच्या चेहऱ्यावर तेज आलं. मीही फसलो. मला वाटलं, इमारतीच्या मालकाला स्वच्छतेचं वेड लागलं. शेवटी वर कोणीतरी सिस्टरला म्हणालं, "तुम्ही जिना चढा म्हणता, पण तुमचा जिना रोज धुतात का हो? कधी वाळतच नाही." आणि मग सिस्टर खाली आली, ते तुम्हाला सांगितलंच.

त्या दिवशी लिफ्टपाशी मीही उभा होतो. वाटलं, आता ही त्याला चारचौघांत झापणार. पण तिनं पोछा परत बादलीत ठेवला, लिफ्टमध्ये शिरली आणि म्हणाली, "चला काका, चौथा. आजोबा, तुम्हीही या."

लिफ्ट सुरू झाली. पहिला मजला गेला. दुसऱ्याच्या आसपास तिनं विचारलं, "का हो?"

"लिफ्ट वापरात राहिली पाहिजे," मजले म्हणाला. "बंद पडते नाहीतर."

"लिफ्ट बंद पडते?"

तिसरा मजला गेला. मग तो म्हणाला, "लिफ्ट नाही. मी."

चौथा आला. त्यानं दार सरकवलं आणि सवयीप्रमाणे बाजूला उभा राहिला. सिस्टर बाहेर न पडता तिथंच थांबली. "तुम्ही कधी आत आलात, काका?"

"इथवर रोजच येतो की."

"दारापर्यंत. आत कधी?"

खरंच की. या माणसानं अर्ध्या गावाला दवाखान्याच्या दारात आणून सोडलं होतं, आणि स्वतः उंबरा कधी ओलांडला नव्हता.

तिनं त्याला त्याच दिवशी आत बसवलं. मी बाहेरच्या बाकावर, पण दार उघडं होतं आणि माझे कान अजून शाबूत आहेत. दंडाला पट्टा बांधला, फुगवला, उतरवला, परत फुगवला. "काका, दाब चांगलाच वाढलाय. डोकं जड होतं का?"

"डोक्यात काही असेल तर जड होईल ना."

"दिवसाला चालणं किती?"

"चालणं कसलं, मी दिवसभर चढतो आणि उतरतो. माझ्याइतकं या इमारतीत कोणी चढलं नसेल."

"बसून."

"बसून," त्यानं कबूल केलं.

मग शेंगदाण्यांची पुडी निघाली. तिनं एक दाणा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "समुद्रच आहे हा." साखरेचा चहा किती वेळा, तंबाखू आहे का, झोप किती, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, "जेवता कोणाबरोबर?"

मजलेनं सोडलेल्या पट्ट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हे दाबाच्या यंत्रात येतं का?"

"यंत्रात येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तोंडानं विचारतेय."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली, दाबाची गोळी सुरू केली. बाकीचं सिस्टरच्या पद्धतीनं. शेंगदाणे हवेतच तर बिनमिठाचे, ही पहिली गोष्ट. आणि रोज एकदा, सावकाश, दमलं की थांबत, चौथ्यापर्यंत जिना.

"अहो, मी जिन्यानं गेलो तर लिफ्टमध्ये कोण?" मजलेनं विचारलं.

"बादली नसली की कोण असतं?"

तिनं हे सहज विचारलं होतं. पण मी बाकावरून बघितलं, मजलेचा चेहरा असा झाला की तिलाच नंतर वाईट वाटलं असावं. तिनं पुडी उचलली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवसापासून बादली गेली. त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते मजलेच्या पाठीसारखे, कारण मी गेलो की तो पाठमोराच दिसायचा. स्टुलावर, तोंड जाळीकडे, लिफ्ट तळाला. जिन्यावरून "नमस्कार मजलेकाका" म्हणत लोक वर निघून जायचे. त्याला जिना चढायचं सांगितलं होतं, तो चढतही होता. पण कधी? दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा चष्म्याचं दुकान अर्धं ओढलेलं, कारखान्यातली यंत्रं थांबलेली, दवाखाना बंद. मी एकदा त्या वेळेला चुकून गेलो तर हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकटा बसलेला. मांडीवर डबा, बाजूला बिनमिठाचे शेंगदाणे.

"अरे, इथं काय करतोस?"

"औषध घेतोय, आबा," म्हणाला. "बाई म्हणाल्या जिना चढा. चढतोय."

"मग सगळे चढतात तेव्हा चढ की."

"तेव्हा माझी कामाची वेळ असते."

बघा, म्हणजे कसा माणूस. रिकामी लिफ्ट खाली उभी करून तिची राखण करणं हे काम, आणि माणसांबरोबर चार पायऱ्या चढणं म्हणजे कामचुकारपणा. मी म्हटलं, "मजले, तू शहाणा आहेस की कसा?" तो म्हणाला, "दाणे घ्या. यांना काही चव नाही, पण सवय होते म्हणतात." आम्ही दोघं बसलो. त्या रिकाम्या इमारतीत आमच्या चावण्याचा आवाज घुमत होता. मी माझी एक गोष्ट सुरू केली आणि पहिल्यांदाच ती त्यानं पुरी ऐकली. शेवटी म्हणाला, "चांगली आहे, पण चार मजल्यांत मावली असती."

पुढच्या तपासणीला दाब थोडा उतरला होता, पण मनासारखा नाही. सिस्टर त्याला म्हणाली, "काका, तुम्ही जिना चढता ते शिक्षा भोगल्यासारखं." तो म्हणाला, "मग कसं चढायचं असतं?" औषधाची चिठ्ठी असते, सोबतीची चिठ्ठी कुठे मिळते?

मग एक दिवस मास्तरीण बाई पहिल्या वळणावर थांबल्या. थांबत थांबत चढायचं हे ठरलेलंच होतं, पण त्या दिवशी बरोबर कोणी नव्हतं आणि त्या कठड्याला धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मजलेला जाळीतून त्यांच्या चपला दिसल्या. हलेनात. त्यानं खालूनच हाक मारली, "बाई, छातीत दुखतंय का? लिफ्ट आणतो."

"दुखत नाही रे. कंटाळा आलाय. एकटीनं चढवत नाही."

त्यानं लिफ्टची दोन्ही दारं बाहेरून लावली, कुणाला लागली तर घंटी आहेच असं स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं, आणि तो चढून त्यांच्यापाशी गेला. "चला," म्हणाला. "पण आधी एक सांगा. ती सून म्हणाली तरी काय?"

"कुठली सून?"

"त्या दिवशी सांगत होतात की, 'आणि मग ती सून म्हणते कशी.' मी लिफ्टमध्ये होतो, पुढचं ऐकू आलं नाही."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि चौथा मजला येईस्तोवर ती सून, तिची सासू, सासूची जाऊ, सगळे उलगडले. सून जे म्हणाली ते अगदीच साधं होतं, असं मजले मला नंतर म्हणाला. पण ऐकलं एकदाचं.

त्यानंतर तो कामाच्या वेळेत चढायला लागला. खाली कोणी एकटं दिसलं की दारं लावायची आणि बरोबर निघायचं. घंटी वाजली तर ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी खाली यायचं. मालकानं कुरकुर केली, तेव्हा सिस्टर जाऊन मालकाच्याच दंडाला पट्टा बांधून आली. पुढे कुरकुर ऐकू आली नाही. मजलेचा दाब हळूहळू ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला वरचेवर बोलावणं बंद केलं, तेव्हा तो जरा हिरमुसला, ते मी पाहिलं. बरं होण्यातही काहीतरी कमी होतं माणसाचं.

मग आमची ही गेली आणि मुलानं मला इकडे आणलं. इथं सगळं सपाट, जिना नाही, लिफ्ट नाही, आणि दुपारी घरात मीच. जाताना मजले मला सोडायला इमारतीबाहेर पायरीपर्यंत आला. तिथून पुढे त्याची हद्द नव्हती, म्हणून तिथंच उभा राहिला. रस्त्याच्या वळणावर मी मागे पाहिलं तर तो आत गेला होता. घंटी वाजली असेल.

मागच्या आठवड्यात मी चष्म्याच्या दुकानात फोन लावला आणि त्याला बोलावून घेतलं. मास्तरीण बाई आता भाच्याकडे राहायला गेल्यात. सिस्टरची बदली झाली, नवी आहे, तीही मीठ विचारते. मुलीचा फोन येतो, रविवारी. मी विचारलं, जिना चढतोस का अजून? चढतो म्हणाला, गोळी घेतो, दाणे बिनमिठाचेच. आवाज बरा होता त्याचा, पण दुकानासमोरच्या रस्त्याच्या गोंगाटात एकटा वाटत होता. म्हणून मी उगाच विचारलं, "आणि उतरताना रे? उतरताना कोण असतं बरोबर?"

त्यानं आधी तोंडातला दाणा संपवला. मग म्हणाला, "उतरताना लिफ्टनं येतो, आबा. चढताना कोणी ना कोणी असतं, पण वर पोचलं की ज्याचा तो दारातून आत जातो. मग मी बटण दाबतो, ती रिकामी वर येते, आणि आम्ही दोघं खाली येतो. तीही हल्ली दिवसभर एकटीच असते ना."